चार हजार वस्तूंचं जग

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘ट्रेडर जोज’ या किराणा दुकानांच्या फ्रीझरमध्ये एक नवा पदार्थ दाखल झाला : किंबाप. भात, तोफू, गाजर, लोणच्यातला मुळा हे सगळं समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात घट्ट गुंडाळायचं आणि त्याच्या चकत्या कापायच्या. कोरियात सहलीला निघालेल्या माणसाच्या डब्यात हमखास असणारा हा पदार्थ. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात तो तयार झाला, तिथंच गोठवला गेला, पॅसिफिक महासागर ओलांडून आला आणि ३ डॉलर ९९ सेंटला विकला जाऊ लागला. एका मायलेकींनी तो घरी गरम करून खातानाचा व्हिडिओ टाकला आणि पाहता पाहता सुमारे २५० टनांचा पहिला साठा देशभरातून संपला.

त्यासाठी टीव्हीवर जाहिरात झाली नव्हती. सवलतीचं कूपन नव्हतं, ‘दोनवर एक फुकट’ नव्हतं. हे दुकान स्वतःचा माल ऑनलाइन विकत नाही, म्हणजे घरबसल्या मागवण्याचीही सोय नव्हती. लोक उठून दुकानात गेले.

या एका डब्यात दोन आश्चर्यं दडलेली आहेत. एक व्यापाराचं : इतकं आडमुठं दुकान इतकं लाडकं कसं झालं? दुसरं शास्त्राचं : आपल्या घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेला भात सकाळी टणक होतो, मग हजारो मैलांचा प्रवास करून, महिनोन्‌महिने गोठून राहिलेला भात दोन मिनिटांत पुन्हा मऊ कसा होतो? मला ही दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली वाटतात, आणि ती गुंतागुंत उलगडत जाताना हरखून जायला होतं.

घंटा, खडू आणि एकेकटं केळं

ट्रेडर जोजच्या कुठल्याही शाखेत शिरलं की आधी दिसतात त्या हातानं रंगवलेल्या पाट्या. फळ्यांवर, भिंतींवर त्या त्या गावातली ठिकाणं रंगवलेली असतात. शाखांमध्ये या कामासाठी चित्रकार नेमलेले असतात. कर्मचारी फुलाफुलांचे हवाई शर्ट घालतात. शाखेचा प्रमुख ‘कॅप्टन’, त्याच्या हाताखालचे ‘मेट’ आणि बाकीचे ‘क्रू’. ध्वनिक्षेपकावरून पुकारा होत नाही, जहाजावरच्यासारखी घंटा वाजते. एक टोला म्हणजे आणखी एक गल्ला उघडा, दोन म्हणजे गल्ल्यावर कुणाला तरी मदत हवी आहे, तीन म्हणजे वरिष्ठांनी यावं. बऱ्याच शाखांत फळ्यांवर कुठंतरी एक कापडी प्राणी लपवलेला असतो. लहान मुलानं तो शोधून दाखवला की त्याला छोटंसं बक्षीस मिळतं.

हे सगळं पाहून हौशी मंडळींचा खेळ वाटतो. पण यातली जवळजवळ प्रत्येक गंमत एखाद्या चोख हिशोबातून आलेली आहे. केळ्यांचंच पाहा. अमेरिकेत केळी सहसा वजनावर विकतात. ट्रेडर जोजच्या गल्ल्यांवर वजनकाटेच नसायचे, त्यामुळे केळी आधीच पिशवीत भरून ठेवलेली असत. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅन बेन यांनी पुढे सांगितलेला किस्सा असा : निवृत्त लोकांच्या वस्तीतल्या एका शाखेत एक आजी केळ्यांची पिशवी उचलून पाहत होत्या आणि न घेता ठेवून देत होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, यातलं चौथं केळं खायला मी असेन की नाही कुणास ठाऊक. त्यानंतर केळी सुटी मिळू लागली, प्रत्येकी १९ सेंटला. हा दर वीस वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला आणि २०२४ मध्ये २३ सेंट झाला. आजींची सोय झाली, आणि नगावर विकल्यामुळे काट्यांचा खर्च आणि गल्ल्यावरचा वेळ वाचत राहिला तो राहिलाच.

शिकलेला, पण बेताच्या पगाराचा

या दुकानाचा जनक जो कुलोम १९३० साली सॅन डिएगोत जन्मला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकला. १९५८ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या परिसरात ‘प्राँटो मार्केट्स’ नावाची छोटी दुकानं चालवू लागला. उशिरापर्यंत उघडी असणारी, दूध-पाव-सिगारेट विकणारी. थोड्याच वर्षांत ‘सेव्हन इलेव्हन’ ही बलाढ्य साखळी कॅलिफोर्नियात उतरली. तिच्याशी त्याच मैदानावर लढलो तर चिरडले जाऊ, हे कुलोमनं ओळखलं. मग त्यानं मैदानच बदललं.

त्याच्या नजरेत दोन गोष्टी भरल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारनं शिक्षणासाठी पैसे दिले होते आणि त्यातून महाविद्यालयात शिकलेल्यांची संख्या भराभर वाढत होती. दुसरी गोष्ट आकाशातली. बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान येऊ घातलं होतं आणि ते आलं की परदेशप्रवास स्वस्त होणार होता. कुलोमनं हे दोन धागे जोडले. शिकलेला माणूस आता जग पाहून येणार, तिथं नवनवीन चवी चाखणार आणि परतल्यावर त्या शोधणार. पण शाळामास्तर, संगीतकार, पत्रकार, संग्रहालयात काम करणारे यांचे पगार काही विमानाबरोबर उंच जाणार नव्हते. चव मोठी आणि खिसा छोटा, अशा गिऱ्हाइकासाठी त्यानं १९६७ मध्ये पॅसाडेना इथं पहिलं ट्रेडर जोज उघडलं. दक्षिण समुद्रातून गलबत भरून नवलाईचा माल आणणारा व्यापारी, हे त्याचं सोंग. हवाई शर्ट, घंटा, कॅप्टन यांचा उगम तिथला. पॅसाडेनातलं ते दुकान आजही चालू आहे.

व्यापारातली त्याची नजर कळण्यासाठी अंड्यांची गोष्ट पुरेशी आहे. अमेरिकेत अंड्यांची प्रतवारी डझनाच्या वजनावर होते. ‘लार्ज’ डझनाचं किमान वजन २४ औंस, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम. ‘एक्स्ट्रा लार्ज’चं २७ औंस, म्हणजे सुमारे ७६५ ग्रॅम. पण मोठ्या अंड्यांचं उत्पादन मर्यादित, शेकडो शाखांना पुरेल इतकं ते मिळत नाही. म्हणून बलाढ्य साखळ्या त्यांच्याकडे बघत नसत. कुलोमची दुकानं मोजकी होती, त्याला ती पुरण्यासारखी होती. त्यानं मोठी अंडी लार्ज अंड्यांच्या दरात विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला त्याच पैशात साडेबारा टक्के अंडं जास्त मिळू लागलं. लहान असणं हा कमकुवतपणा मानला जातो. कुलोमनं लहान असल्यामुळेच काय करता येईल, याचा शोध आयुष्यभर घेतला.

जाहिरातीऐवजी तो माहितीपत्रक काढायचा. ते आजही ‘फिअरलेस फ्लायर’ या नावानं निघतं. त्यात प्रत्येक पदार्थ कुठून आला, कसा करतात, कशाबरोबर खावा हे गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं असतं, आणि सोबत एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतली रेखाचित्रं. तीही हिशोबानंच निवडलेली : त्यांचा स्वामित्वहक्क संपलेला होता, त्यामुळे ती फुकट वापरता येत. १९७२ मध्ये त्यानं दुकानाच्या स्वतःच्या नावाचा पहिला पदार्थ आणला, तो ग्रॅनोला. १९७९ मध्ये कंपनी जर्मनीतल्या ‘आल्डी नॉर्ड’ या दुकानसाखळीच्या थेओ आल्ब्रेख्त यांनी विकत घेतली, पण दुकानाचा स्वभाव बदलला नाही. कुलोम २०२० मध्ये वारला.

कमी ठेवण्याची ताकद

अमेरिकेतल्या साध्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांहून जास्त प्रकारच्या वस्तू असतात. ट्रेडर जोजमध्ये सुमारे चार हजार. सगळं रहस्य या आकड्यात आहे.

मोठ्या दुकानात पीनट बटरच्या बरण्यांनी अख्खा कप्पा भरलेला असतो. कंपन्या वेगळ्या, आकार वेगळे, आत साधारण तेच. कपाटात मोक्याची जागा मिळावी म्हणून उत्पादक अनेकदा दुकानाला पैसे मोजतात आणि ते पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात. ट्रेडर जोज असे पैसे घेत नाही. एकेका वस्तूचे दोन-चारच प्रकार ठेवायचे, ते खाऊन-पारखून निवडायचे, शक्यतो थेट उत्पादकाकडून एकगठ्ठा घ्यायचे आणि स्वतःच्या नावानं विकायचे. दुकानातला ८० टक्क्यांहून जास्त माल असा स्वतःच्या नावाचा आहे. प्रकार थोडे असल्यानं प्रत्येकाचा खप प्रचंड होतो, खप प्रचंड म्हणून खरेदीचा दर कमी बसतो, दर कमी म्हणून खप आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की कूपनं, सवलती, सभासदकार्डं यांची गरजच उरत नाही.

आणि प्रकार थोडे म्हणून ते रंगतदार ठेवावे लागतात. पोटात पीनट बटर भरलेले खारे प्रेट्झेलचे तुकडे, मिरची आणि लिंबू लावलेल्या मक्याच्या गुंडाळ्या, बोटाएवढे आइस्क्रीमचे कोन, बेगल पावावरचे तीळ-खसखस-लसूण-कांदा-मीठ तेवढे बाटलीत भरलेला मसाला. नवं काही आलं की जुनं काही जातं, कारण जागा मोजकी आहे. आवडता पदार्थ कायमचा गेला म्हणून हळहळणारी गिऱ्हाइकं असंख्य आहेत. पण त्याच नियमामुळे पुढच्या खेपेला काय दिसेल याची उत्सुकताही टिकून राहते.

आता यातली खरी अडचण पाहा. दुकान लहान, कोठार लहान, खरेदी मात्र एकगठ्ठा आणि तीही जगाच्या दुसऱ्या टोकाहून. कोरियातला भात, फ्रान्सच्या पद्धतीची खमंग पेस्ट्री, भारतातला नान नासू न देता आणायचे कसे? लोकांना आवडतील की नाही हे आधी ठाऊक नसताना त्यांची परीक्षा घ्यायची कशी? इथं व्यापाराचं कोडं शास्त्राच्या हातात जातं.

बर्फाच्या कणांचा आकार

क्लॅरेन्स बर्डसाय हा तरुण अमेरिकन निसर्ग-अभ्यासक १९१२ मध्ये आजच्या कॅनडातल्या थंडगार लॅब्राडोर किनाऱ्यावर फरच्या व्यापारासाठी गेला. तिथले इन्युइट लोक बर्फात भोक पाडून मासे पकडत. बाहेर काढलेला मासा उणे चाळीस अंशांच्या वाऱ्यात बघता बघता दगडासारखा गोठे. महिन्यांनी तो वितळवून शिजवला तरी ताज्यासारखा लागे. शहरात मिळणारा गोठवलेला मासा मात्र लिबलिबीत आणि बेचव. बर्डसायला पडलेला प्रश्न हाच : बर्फ तोच, मग फरक कशाचा?

फरक वेगाचा होता. पदार्थातलं बहुतेक पाणी साधारण उणे १ ते उणे ५ अंश सेल्सियस या टप्प्यात गोठतं. हा टप्पा सावकाश ओलांडला तर बर्फाचे थोडेच कण तयार होतात आणि ते वाढत वाढत मोठे, टोकदार होतात. ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळताना पेशीतला रस बाहेर वाहून जातो. घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या टोमॅटोचा लगदा होतो तो यामुळे. तोच टप्पा झपाट्यानं ओलांडला तर असंख्य बारीक कण बनतात. मोठं व्हायला त्यांना सवडच मिळत नाही आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. इन्युइट लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बर्डसायनं ते यंत्रात बसवलं. अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये खाद्यपदार्थांची पाकिटं दाबून गोठवायची त्याची पद्धत आणि कंपनी १९२९ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी १८ दुकानांत २६ गोठवलेले पदार्थ विक्रीला ठेवले गेले. आजच्या प्रत्येक फ्रीझरचा वंश त्या दिवसापर्यंत पोचतो.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत घालतात, त्यामागचं तत्त्व आणि गोठवण्यामागचं तत्त्व सख्खी भावंडं आहेत. जंतूंना वाढायला द्रवरूप पाणी लागतं. ऊन ते पाणी काढून घेतं, थंडी ते जागच्या जागी बंदिस्त करते. उणे १८ अंशांवर जंतू सगळे मरत नाहीत, पण वाढू शकत नाहीत. भाज्यांमधली विकरं मात्र थंडीतही हळूहळू रंग आणि चव बिघडवत राहतात. म्हणून मटारांना आधी उकळत्या पाण्याची धग देऊन ती विकरं निकामी करतात आणि मगच गोठवतात. खालून जोरानं येणाऱ्या गार हवेच्या झोतावर मटाराचे दाणे उसळत राहतात आणि एकेक दाणा सुटा गोठतो.

आता आपल्या भाताकडे येऊ. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुलतो, मऊ होतो. गार होऊ लागला की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून ओळीनं बसू लागतात, पाणी बाहेर ढकलतात आणि शीत टणक होतं. गंमत अशी, की ही क्रिया सर्वांत वेगानं चालते ती शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजच्या तापमानाला. रात्रीचा भात फोडणीला घातला की मोकळा राहतो तो याच कृपेनं. किंबाप बनवणारे हा धोक्याचा पट्टा झपाट्यानं ओलांडून भात खोल थंडीत नेतात. तिथं रेणूंची हालचालच जवळपास थांबते, ओळी धरायला त्यांना वाव मिळत नाही. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर भात जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू होतो. पाव आणि नान फ्रिजमध्ये शिळे होतात पण फ्रीझरमध्ये टिकतात, त्याचंही कारण हेच.

त्याच फ्रीझरमध्ये चॉकलेट भरलेली क्रोसाँ असतात. चार कच्चे, चपटे गोळे. रात्री ताटात मांडून ठेवायचे. सकाळपर्यंत ते फुगून दुप्पट होतात, कारण आतलं यीस्ट गोठूनही जिवंत राहिलेलं असतं. शेजारी सूप भरलेली डंपलिंग्ज. पिठाच्या पातळ पारीत रस्सा भरता कसा आला, असं कोडं पडतं. उत्तर जिलेटिनात आहे. रस्सा गार केला की त्याची वडी होते. ती सारणात मिसळून पारीत बंद करतात आणि वाफ लागली की आतल्या आत पुन्हा रस्सा होतो. ही युक्ती चिनी स्वयंपाक्यांची, फ्रीझरच्या जन्माआधीची.

नान, नारळ आणि शेवगा

ट्रेडर जोजच्या फ्रीझरमध्ये भारतही आहे. पालक पनीर, चना मसाला, पनीर टिक्का मसाला, छोटे समोसे, आणि भारतातच भाजून, गोठवून आणलेला लसणी नान. मध्य-पश्चिमेतल्या एखाद्या छोट्या गावातला अमेरिकन माणूस मंगळवारच्या साध्या जेवणाला नान गरम करून खातो, ते या बर्फाच्या साखळीमुळे.

अमेरिकेतल्या मराठी घरांचं मूळ दुकान मात्र वेगळं. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर सुरू झालेलं ‘पटेल ब्रदर्स’ आणि त्याच्यासारखी भारतीय दुकानं. तिथल्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, चिरलेली मेथी, सोललेले दाणे मिळतात. न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवात उकडीच्या मोदकाचं सारण त्या गोठवलेल्या नारळाचं असतं, आणि आमटीतला शेवगा कुणाच्या परसातला नसला तरी त्याचा वास ओळखीचा येतो. एक दुकान अनोळखी चव अंगणात आणतं, दुसरं ओळखीची चव परदेशात टिकवतं. दोघांचा आधार तोच, बर्फाचे बारीक कण.

या व्यवस्थेला किंमतही आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. माल दुकानाच्या नावानं विकला जातो, त्यामुळे तो नेमका कुणी बनवला हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. निवड आपल्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. हसतमुख क्रूलाही आपलं म्हणणं मांडण्यासाठी एकत्र यावंसं वाटलं : २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली इथल्या शाखेत या साखळीतली पहिली कामगार संघटना उभी राहिली. मला हे दुकान मनापासून आवडतं, आणि म्हणूनच तिथल्या माणसांना आणि नाव न छापलेल्या उत्पादकांना त्यांचा वाटा मिळावा, असं वाटतं.

हे ज्ञान वापरायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं मटारचं पाकीट हातात घेऊन हलवून पाहा. दाणे सुटे खुळखुळले तर कारखान्यापासून इथवर थंडीची साखळी बहुधा तुटलेली नाही. आत ढेप लागली असेल, पाकिटाच्या आतून बर्फाचा जाड भुगा जमला असेल, तर वाटेत कुठंतरी ते बहुधा वितळून पुन्हा सावकाश गोठलं आहे, आणि सावकाश म्हणजे मोठे कण, फुटलेल्या पेशी, लिबलिबीत मटार. ते परत ठेवा आणि दुसरं घ्या. घरी आणल्यावर शिळी पोळी किंवा पाव टिकवायचा असेल तर फ्रिजऐवजी थेट फ्रीझरमध्ये टाका. आणि डबा उलटून तो कुठल्या गावात तयार झाला ते जरूर वाचा. इतक्या लांबून आपल्या ताटापर्यंत आलेल्या माणसांच्या मेहनतीची निदान तेवढी तरी ओळख आपण करून घ्यावी.